आम्ही जाळी आवरली, पलीकडच्यांनी टाकली: गावाने राखलेली मासेमारी टिकते कुठवर?

तळकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, आज विचारायचं आहे म्हणून लिहायला बसले.

मी एका छोट्या मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेब आणि कागदपत्रं सांभाळते. तलाव मोठा आहे आणि त्यावर आमच्यासह तीन गावांची मासेमारी चालते. गेल्या वर्षी आमच्या सभासदांनी आपणहून ठराव केला. विणीच्या हंगामात दोन महिने जाळं टाकायचं नाही, आणि एरवीही बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं पाण्यात उतरवायचं नाही. कुणी वरून सांगितलं नव्हतं. मासा वर्षागणिक लहान होत चालला होता, तो सगळ्यांच्याच डोळ्यांना दिसत होता.

ते दोन महिने लोकांनी कसे काढले ते मी पाहिलंय. कुणी मजुरीला गेलं, कुणी उधारीवर घर चालवलं, पण होड्या काठावर पालथ्याच राहिल्या. बंदी संपायला आठवडा उरला होता, आणि एका पहाटे पलीकडच्या काठावरून होड्या आल्या. आमच्या बाजूच्या उथळ पाण्यातला मासा भरून घेऊन गेल्या. त्यांचं म्हणणं असं की ठराव तुमचा, आम्हाला तो लागू नाही. नियमाने बघितलं तर खरंच लागू नाही.

पुढच्या सभेत एक वयस्कर सभासद उठले आणि एवढंच म्हणाले, "आपण राखलं ते त्यांच्यासाठी का?" मला काही बोलता आलं नाही.

तर विचारायचं हे आहे: एका गावाने ठरवून मासेमारी राखणं कुठवर पुरतं? शेजाऱ्यांना बरोबर घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची? शेतीविकासात प्रादेशिक सहकार्य हवं असं सतत ऐकते, पण काठावरच्या माणसाला त्यातलं काय मिळतं? जमलेले अनुभव लिहा, फसलेले तर नक्की लिहा.

वल्हेकरी

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही वडिलांच्या काळात हे घडलंय. फरक एवढाच की तेव्हा आम्ही पलीकडच्या काठावरचे होतो.

बंदी आहे हे आम्हाला कळलं ते पाण्यात बांबू रोवलेले दिसले तेव्हा. आधी कुणी येऊन बोललं नाही, विचारलं नाही. वडील म्हणायचे, त्यांचा विचार चांगला होता, पण त्यांनी आपल्याला चोर ठरवून सुरुवात केली. मग आमची माणसं मुद्दाम गेली. माशाची गरज कमी होती, राग जास्त होता.

तुमच्या ठरावाच्या सभेला पलीकडचं कुणी होतं का?

तळकाठ

नव्हतं. बोलावलंच नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

अर्थबोध

चांगला धागा. थोडी पार्श्वभूमी मांडतो, कारण या प्रश्नावर बराच वाद आधी होऊन गेला आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या पर्यावरणशास्त्रज्ञांनी मांडले की सामायिक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवत राहतो आणि शेवटी कुरणच उजाड होते. त्यामुळे एकतर सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर खासगी मालकी असावी, असा समज पसरला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की लोक आपसात नियम करून सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी मला सर्वात आवडते ते तुर्कस्तानातल्या अलान्याचे. सत्तरच्या दशकात तिथे शंभरेक मच्छीमार लहान होड्यांतून मासे धरत आणि चांगल्या जागांवरून रोज भांडत. दहाहून अधिक वर्षे चुकतमाकत त्यांनी एक रीत बसवली. दर सप्टेंबरात मच्छीमारांची यादी करायची. जाळे लावायच्या जागांना नावे द्यायची, आणि दोन जागांत इतके अंतर ठेवायचे की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये. मग चिठ्ठ्या टाकायच्या. सप्टेंबर ते जानेवारी रोज एक जागा पूर्वेला सरकायचे, जानेवारीनंतर पश्चिमेला. मासाही त्या महिन्यांत तसाच स्थलांतर करतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला चांगली जागा सारख्याच वेळा येत असे.

राखणदार ठेवावा लागत नसे. ज्याचा त्या दिवशी त्या जागेवर हक्क असे तो पहाटे तिथे हजरच असायचा, आणि दुसरा कुणी घुसला तर बाकीचे हक्कदाराच्या पाठीशी उभे राहत, कारण उद्या त्यांचीही पाळी तिथे येणार असे.

आता तुमच्याकडे काय चुकले असावे ते सांगतो. हद्द कुठली आणि हक्कदार कोण हे आधी स्पष्ट हवे, ही ऑस्ट्रॉम यांनी नोंदवलेली पहिली अट. तुमच्या ठरावाची हद्द गावाची होती. माशाची हद्द अख्खा तलाव आहे.

बांधावरून

"ठरावाची हद्द गावाची, माशाची हद्द अख्खा तलाव" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाचतोय.

ठाम_मत

मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. शंभर माणसांत चिठ्ठ्या चालतात. व्हिक्टोरिया सरोवर घ्या. सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर पाणी, काठावर केनिया, युगांडा आणि टांझानिया. तिथे चिठ्ठी कोण टाकणार? विसाव्या शतकाच्या मध्यावर बाहेरून आणून नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. पुढे निर्यातीचा मोठा धंदा उभा राहिला, पण शेकडो स्थानिक लहान जाती एकतर नाहीशा झाल्या किंवा नावापुरत्या उरल्या. त्या माशाला काठावरच्या कुठल्या गावाचा ठराव अडवणार होता?

आणि "समुदाय" म्हणजे कोण हेही बोलायला हवं. संस्थेत चेअरमनच्या घरातल्यांना आधी होडी आणि आधी कर्ज, बाकीच्यांना नियम, असं मी जवळून पाहिलंय. मोठ्या पाण्याला सरकारच लागतं. कायदा, गस्तीची बोट आणि दंड. बाकी सगळं बोलायला गोड आहे.

दर्यापार

@ठाम_मत, सरकार लागतं हे मान्य. पण सरकारच्या हाती सगळं दिलं म्हणजे मासा वाचतो हे इतिहासात टिकत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा आठवा. जगातल्या सर्वात समृद्ध मासेमारीच्या जागांपैकी ती एक. शास्त्रज्ञ होते, कोटा होता, गस्त होती. तरी २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं.

मला यात सगळ्यात लागतं ते असं: किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणारे लोक ऐंशीच्या दशकातच सांगत होते की मासा कमी झालाय आणि लहान येतोय. सरकारी अंदाज मात्र मोठ्या ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या जहाजांच्या, आकड्यांवर बरेच अवलंबून होते. ट्रॉलर उरलेल्या माशाचा थवा हुडकून काढतो, त्यामुळे शेवटपर्यंत जाळं भरलेलंच दिसतं. काठावरच्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते नोंदवायला वहीच नव्हती.

ठाम_मत

हा मुद्दा घेतो. ट्रॉलरच्या आकड्यांचं मला ठाऊक नव्हतं. पण मग दोन्ही हवं म्हणा, नुसता गावाचा ठराव नको.

खारे_वारे

तळकाठताई, तुमची गोष्ट वाचताना मला मादागास्करचं आंदावादोआका आठवत होतं. जवळपास तुमचीच कहाणी आहे, फक्त मासा वेगळा.

त्या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे लोक ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळी पठारावर चालत जाऊन ऑक्टोपस धरतात. निर्यातीचे व्यापारी आले तसा ऑक्टोपस लहान होऊ लागला. २००४ च्या अखेरीस गावाने एक पठार सात महिने बंद ठेवलं. ऑक्टोपसचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचंच आणि तो झपाट्याने वाढतो, म्हणून एवढ्या काळातही वजनात फरक दिसतो. बंदी उठली तेव्हा खरंच मोठे ऑक्टोपस मिळाले. पण त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतलेही लोक पठारावर उतरले आणि राखणाऱ्यांचा वाटा विरळ झाला.

इथून पुढचं बघा. शेजाऱ्यांनी फायदा डोळ्यांनी पाहिला होता. मग त्यांनीही आपापली पठारं बंद ठेवायला सुरुवात केली, गावं एकमेकांच्या तारखा बघू लागली, आणि त्यातून वेलोन्द्रियाके नावाचं दोन डझन गावांचं एकत्र राखलेलं क्षेत्र उभं राहिलं. "दिना" नावाची त्यांची जुनी रीत आहे, गावांनी आपसात बसून केलेला करार. तिला कायद्याची मान्यता मिळते आणि दंडही त्यातच ठरतो. म्हणजे ठाम_मत म्हणतात तो दंड आहेच, पण तो ठरवणारे तेच लोक आहेत.

आणखी एक. हिंदी महासागरातच मॉरिशसच्या अखत्यारीतलं रॉड्रिग्ज बेट आहे. तिथले मच्छीमार मादागास्करला जाऊन हे बघून आले आणि २०१२ मध्ये त्यांच्या बेटावर ऑक्टोपसबंदी सुरू झाली. प्रादेशिक सहकार्य म्हणून मला मोठमोठ्या परिषदांपेक्षा ही मच्छीमारांची वारी जास्त खरी वाटते. मच्छीमाराला मच्छीमारानेच सांगितलेलं पटतं.

गंमतराव

एक शंका. करारावर ऑक्टोपसची सही घ्यायची तर आठांपैकी कुठल्या हाताची? :)

धागा सुंदर चाललाय. चालू द्या.

ओलीमाती

@खारे_वारे, यात एक गोष्ट राहिली. ओहोटीला पठारावर जाऊन ऑक्टोपस धरण्यात बायकांचा वाटा फार मोठा असतो. पठार बंद झालं की होडीवाला पुरुष दुसरीकडे जातो, पण पायी जाणाऱ्या बाईचं ते एकच शेत असतं. म्हणून बंदी कुठे, कधी आणि किती दिवस हे ठरवताना बायका सभेत नसतील, तर राखण्याचा भार नेमका त्यांच्यावर पडतो.

२०२२ हे संयुक्त राष्ट्रांनी पारंपरिक लघु मासेमारी आणि मत्स्यसंवर्धनाचं वर्ष म्हणून पाळलं. त्याच सुमारास झालेल्या जागतिक अभ्यासात निघालं की जगात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी किमान ४० टक्के लहान मासेमारीतून येतात आणि या कामातल्या दर दहा माणसांत चार बायका आहेत. सोलणं, सुकवणं, विकणं, घरापुरतं धरणं हे धरलं की चित्र बदलतं. आता आपापल्या संस्थेची सभासद यादी काढून बघा, त्यात दहात चार आहेत का.

तळकाठ, तुमच्याकडे किती आहेत?

तळकाठ

यादी उघडून मोजलं. बायका आहेत, पण नवऱ्याच्या पश्चात नाव लागलेल्याच. मासा निवडणाऱ्या आणि बाजारात नेणाऱ्या एकीचंही नाव नाही. हे सगळं मी लिहिते, आणि सभासद यादीत माझंही नाव नाही.

ओलीमाती

मग पुढच्या सभेत पहिला ठराव तोच मांडा.

जाळंविणकर

आमचं घराणं जाळी विणणाऱ्यांचं. पुस्तकातलं मला फार येत नाही, हातातलं सांगतो.

बारीक आसाचं जाळं माणूस हौसेने घेत नाही. मोठा मासा मिळेनासा झाला की तो बारीककडे वळतो, आणि त्याने बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंसुद्धा उचलली की पुढच्या वर्षी मोठा मासा आणखीच कमी होतो. हे त्यालाही कळतं. पण व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते. उचल माशात फेडायची असते, आणि बंदीचे दोन महिने व्यापारी थांबायला तयार नसतो. म्हणून बंदीचा ठराव करताना उचलीचा हिशेब मांडला नाही तर ठराव तुटतो. पलीकडच्या गावात उचल किती आहे याची चौकशी करा ताई. रात्री होडी घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा कर्जात असतो.

दुसरं, जुनं जाळं जप्त करू नका, बदलून द्या. जप्त केलं की तो रातोरात दुसरं विणतो. बदलून दिलं की मोठ्या आसाचं जाळं त्याच्या घरात राहतं.

वल्हेकरी

+१ जाळंविणकर. आमच्या वडिलांवरही उचल होती. मी ते वर लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

पाणसाप

उचलीचा विषय निघालाय म्हणून जपानचं सांगते. तिथे १९४८ साली मच्छीमार सहकारी संस्थांचा आणि १९४९ साली मासेमारीचा कायदा झाला. किनाऱ्याजवळच्या पाण्यातला सामायिक मासेमारीचा हक्क तिथल्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यातली सुरुगा आखातातली साकुरा कोळंबीची मासेमारी बघण्यासारखी आहे. सगळ्या होड्यांनी मिळून किती धरायचं ते रोज ठरवतात, आणि विक्रीचे पैसे एकत्र करून वाटून घेतात. दुसऱ्याआधी पोहोचायची घाई त्यामुळे संपते. भाव पडेल इतका माल एका दिवशी आणायची गरजही उरत नाही.

चिलीत "लोको" नावाची समुद्री गोगलगाय आहे. निर्यातीच्या लाटेत ती इतकी ओरबाडली गेली की १९८९ ते १९९२ पूर्ण बंदी घालावी लागली. १९९१ च्या कायद्याने नोंदणीकृत मच्छीमार संघटनांना समुद्रतळाचे ठरावीक तुकडे सांभाळायला दिले. बऱ्याच ठिकाणी लोको परत आली. तुकड्यांमध्ये रात्री चोरी होते ही तक्रार मात्र आजही आहे, आणि राखणीचा खर्च संघटनेच्याच अंगावर पडतो. म्हणजे हक्क कागदावर मिळाला तरी पहारा सुटत नाही.

गुरेढोरे

मी पशुवैद्यक आहे. थोडं अवांतर वाटेल, पण मूळ प्रश्नात शेतीविकासातलं प्रादेशिक सहकार्यही आहे म्हणून लिहितो.

बुळकांडी हा गुरांचा रोग. कळपच्या कळप संपवायचा. प्लाउराइट या पशुवैद्यकांनी केलेली लस साधारण १९६० पासून होती. आफ्रिकेत १९६२ ते १९७६ अनेक देशांनी मिळून मोठी लसीकरण मोहीम केली आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला. मग सगळ्यांनी हात आखडला, नजर ठेवणं थांबलं, आणि ऐंशीच्या दशकात तो पुन्हा उसळला. नंतरच्या मोहिमेत एक गोष्ट बदलली. इथिओपिया, सुदानसारख्या दुर्गम भटक्या भागांत गाडी जात नाही, लस थंड ठेवायला बर्फ पोहोचत नाही. तिथे उष्णता सोसणारी लस आणि पशुपालकांमधूनच शिकवून तयार केलेले लस टोचणारे लोक उपयोगी पडले. कळप कुठल्या महिन्यात कुठल्या सीमेपलीकडे जातात हे त्यांनाच माहीत होतं. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळासकट संपवलेला हा दुसरा रोग.

मला त्यातून दिसतं ते असं: देशांनी आपसात ठरवलं नसतं तर रोग सीमेवरून परत आलाच असता, आणि गावातल्या माणसाच्या हातात सुई नसती तर देशांचं ठरवणं कागदावरच राहिलं असतं.

ठाम_मत

@गुरेढोरे, हे अवांतर अजिबात नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

नदीपल्याड

मोठ्या पाण्याबद्दल मेकाँगचं सांगायला हवं. कंबोडियातलं तोनले साप सरोवर पावसाळ्यात उलटं भरतं. मेकाँगला पूर येतो, सरोवरातून निघणारी नदी दिशा बदलते आणि पाणी आत घेते. कोरड्या दिवसांत सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं पाणी पुरात १५,००० च्या आसपास पसरतं. बुडालेल्या जंगलात मासा वाढतो.

तिथे पूर्वी पाण्याचे ठेके लिलावाने दिले जात. ठेकेदार कुंपणं घालत आणि काठावरच्यांना आत येऊ देत नसत. २०००-०१ मध्ये ठेक्याच्या क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक लोकांसाठी मोकळं केलं, २००५ मध्ये सामुदायिक मासेमारीचा नियम आला आणि २०१२ मध्ये सरोवरातले उरलेले ठेकेही रद्द झाले. लोकांना पाणी मिळालं, पण लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. ठेकेदार गेला तसा त्याचा पहाराही गेला. विजेने आणि बारीक जाळ्यांनी मासा मारणारे मोकळे झाले, आणि गावसमित्यांकडे गस्तीच्या डिझेललाही पैसे नव्हते. हक्क दिला, साधनं दिली नाहीत.

आणि समजा प्रत्येक गावाने आपलं पाणी जिवापाड राखलं. तरी मासा वरच्या देशांतून येतो-जातो. कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी १९९५ च्या करारातून मेकाँग नदी आयोग केला. मुख्य प्रवाहावर धरण बांधण्याआधी इतरांशी सल्लामसलत करायची अशी त्यात तरतूद आहे. लाओसच्या सायाबुरी धरणासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली, शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, धरण तरीही झालं आणि २०१९ पासून चालू आहे. आराखड्यात माशांसाठी वाट काढली, काही बदलही केले. पण नाही म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

म्हणून मी म्हणतो, सहकार्याच्या करारात बघायचं ते हे: खालच्याचं ऐकावंच लागतं का, की नुसतं ऐकून घेतलं जातं?

दर्यापार

@नदीपल्याड, शेवटचं वाक्य जबरदस्त. याला जमलेली दुसरी बाजूही आहे, प्रशांत महासागरातली. १९८२ चा नाउरू करार. नाउरू, किरिबाती, तुवालू, पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी. बहुतेकांची जमीन चिमूटभर, समुद्र अफाट. बाहेरची ट्यूना जहाजं एकेका देशाला वेगळं गाठून स्वस्तात परवाना घ्यायची. मग या आठांनी २००७ पासून जहाजाचे दिवस मोजायला सुरुवात केली. वर्षात एकूण इतकेच दिवस, ते आपसात वाटलेले, आणि दिवसाचा किमान दर सगळ्यांचा एक. परवान्यांचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं.

लहान माणसं एकेकटी भाव करतात तेव्हा हरतात. तुमच्या तलावावर तीन गावं एका व्यापाऱ्याशी वेगवेगळा भाव करत असतील तर तेही असंच आहे.

तळकाठ

करतात. तिन्ही गावं, आणि व्यापारीही एकच.

पेरणी

मी शेतकरी. मासेमारीतलं कळत नाही म्हणून गप्प वाचत होतो. पण तलावातलं पाणी आणि फवारणीनंतर त्यात उतरणारं विष हे दोन्ही आमच्याकडून येतात, म्हणून बोलतो.

कंबोडियातच भातशेतीच्या भागात एक पद्धत आहे. उन्हाळ्यात न आटणारं एखादं तळं गाव राखून ठेवतं, त्यात मासेमारी पूर्ण बंद. पावसाळ्यात पाणी पसरलं की जगलेला मासा चरांतून भातखाचरांत शिरतो, तिथे अंडी घालतो, वाढतो, आणि तिथे तो कुणीही धरावा. राखलेलं तळं एका गावाचं, मासा अनेक गावांच्या शेतांत. हे चालायचं तर चर मोकळे ठेवावे लागतात आणि शेतकऱ्याला औषध जपून मारावं लागतं. म्हणजे मच्छीमारांनी कितीही ठराव केले तरी शेतकरी सभेत नसेल तर अर्धा तलाव सभेबाहेरच आहे.

तुमच्या तलावातून उन्हाळी पिकाला पाणी जात असेल ना? विणीच्या दिवसांत उथळ कडा कोरड्या पडत असतील तर अंडी तिथेच वाळतात. एवढं तरी तिन्ही गावांतल्या बागायतदारांशी बोलून बघा. मी त्यांच्या जागी असतो तर ऐकलं असतं. आजवर मला कुणी विचारलं नाही इतकंच.

खारे_वारे

पेरणीदादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा.

अर्थबोध

सुरुवात कुठून करायची हा प्रश्न तसाच राहिला आहे, म्हणून एक सुचवतो. आधी मोजा, आणि एकत्र मोजा.

ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये पिरारुकू हा प्रचंड मासा आहे. तो हवेतून श्वास घेतो, त्यामुळे दर पाच ते वीस मिनिटांनी त्याला वर यावेच लागते. मामिराउआ भागातले अनुभवी मच्छीमार पाण्यावरची ती एक उसळी बघून मासा मोठा की लहान, नवा की मघाचाच, हे ओळखतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या मोजणीची पडताळणी केली तेव्हा ती विश्वासार्ह निघाली. १९९९ पासून तिथे या मोजणीवरच कोटा ठरतो. प्रौढ माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के धरायचे, तेही दीड मीटरहून लांब असतील तेच. बाकीचे सोडायचे. जिथे गावांनी तळी राखली तिथे पिरारुकू अनेक पटींनी वाढला.

तुमच्या तलावात पिरारुकू नाही, पण रोजच्या माशाची लांबी मोजायला एक पट्टी आणि एक वही पुरते. तिन्ही गावांची वही एकच असली आणि मोजायला प्रत्येक गावाचा एक माणूस बसला, तर आकड्यावरून भांडण होत नाही. बंदी कधी आणि किती दिवस हे मग वहीतून निघेल. तेव्हा ठराव कुणा एकाचा राहणार नाही.

जाळंविणकर

वहीत लांबी लिहाल तेव्हा जाळ्याचा आसही शेजारी लिहा. तीन महिन्यांत दोन्ही रकाने आपोआप बोलू लागतात.

तळकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री चेअरमनना आणि त्या वयस्कर सभासदांना धागा मोबाइलवर वाचून दाखवला. सगळा वाचायला दोन तास लागले, कारण मध्येमध्ये थांबवून ते बोलत होते. अलान्याची चिठ्ठी ऐकून चेअरमन म्हणाले की हे आपल्या उथळ कडेच्या जागांना करता येईल. बुळकांडीचं ऐकून म्हातारे सभासद बराच वेळ गप्प होते. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरची गुरं त्यातच गेली होती.

ठरलं ते असं. यंदा बंदीचा ठराव एकट्याने करायचा नाही. आधी तिन्ही गावांची मोजणीची वही सुरू करायची. पट्ट्या आणल्यात. आमच्या गावाकडून मोजायला बाजारात मासा नेणाऱ्या दोघीजणी बसतील, आणि त्यांची नावं सभासद यादीत घालायचा ठराव येत्या सभेत मी मांडणार आहे. माझंही नाव त्यात घालते आहे. पाणी सोडण्याच्या तारखांबद्दल बागायतदारांकडे कोण जाणार यावर अजून एकमत नाही, ते बाकी आहे. व्यापाऱ्याच्या उचलीचा विषय काढल्यावर सगळेच खाली बघू लागले. त्याला वेळ लागेल.

पहिली बैठक रविवारी आहे. आम्ही त्यांना इकडे बोलावणार होतो. वल्हेकरीदादांचा पहिला प्रतिसाद वाचल्यावर ती पलीकडच्या काठावर ठेवली. आम्हीच होड्या घेऊन जातोय.

वल्हेकरी

पलीकडच्या काठावरचा माणूस म्हणून एकच सांगतो ताई. त्या पहाटेचं तुम्ही काढू नका. त्यांनाच काढू द्या.

तळकाठ

बरं दादा. आम्ही पट्टी आणि वही तेवढी नेतो.